जनतेचा आनंद, मालकांचा हिशेब

ब्राझीलचा फुटबॉलपटू गॅरिंचा २० जानेवारी १९८३ रोजी रिओ दि जानेरो येथे मरण पावला, तेव्हा त्याचे वय अवघे एकोणपन्नास होते. मैदानाच्या उजव्या बगलेवरून धावणारा असा दुसरा विंगर जगाने पाहिला नाही, असे जाणकार आजही म्हणतात. मद्याने त्याचे यकृत निकामी केले होते. गुडघे त्याच्या कितीतरी आधी कामातून गेले होते. गाठीला काही उरले नव्हते. त्याचे शव माराकानाच्या विशाल क्रीडागारात ठेवण्यात आले. तेथून पाऊ ग्रांडे या त्याच्या गावाकडे अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसांची दाटी झाली होती. जो जनतेचा आनंद होता तो येथे विसावला आहे, अशा आशयाचा मजकूर त्याच्या थडग्यावर कोरला गेला.

या शोकांतिकेची दोन स्पष्टीकरणे गेली चार दशके दिली जात आहेत. पहिले नीतिमार्तंडांचे. त्यांच्या मते गॅरिंचा व्यसनी, बेजबाबदार आणि उधळ्या होता. दैवाने दिले ते त्याने कर्माने घालवले. दुसरे स्पष्टीकरण रसिकांचे. त्यांच्या मते तो रानातला पक्षी होता. पैसा म्हणजे काय, करार म्हणजे काय, हे त्या भोळ्या जिवाला कळलेच नाही. पहिले स्पष्टीकरण कठोर आहे, दुसरे हळवे आहे. पण दोहोंचा निष्कर्ष एकच. गॅरिंचाच्या नाशाला गॅरिंचाखेरीज कोणीही जबाबदार नाही. त्याला पाहण्यासाठी लोकांनी तिकिटांवर खर्च केलेला पैसा कोणाच्या तिजोरीत गेला आणि त्याचा गुडघा कोणाच्या हुकमावरून झिजला, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी उपस्थितच होत नाहीत.

कामगार चळवळीत काम करणाऱ्यांना हा युक्तिवाद नवा नाही. ऊसतोडणी मजूर कर्जात का बुडाला? दारू पितो म्हणून. मुंबईचा गिरणी कामगार देशोधडीला का लागला? संप केला म्हणून. शोषिताच्या चारित्र्याची चौकशी सुरू झाली की शोषकाच्या हिशेबवह्या आपोआप मिटतात. म्हणून गॅरिंचाच्या चरित्राकडे हिशेबवहीच्या बाजूने पाहणे आवश्यक आहे.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचे मूळ नाव. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी तो पाऊ ग्रांडे येथे जन्मला. हे गाव म्हणजे ‘अमेरिका फाब्रिल’ या कापडगिरणीची वसाहत. घरे गिरणीची, वस्तीवरचा अंमल गिरणीचा, फुटबॉलचा संघही गिरणीचाच. बाप त्याच गिरणीत पहारेकरी. मुलाचे पाय जन्मतःच वाकडे. दोन्ही एकाच दिशेला झुकलेले आणि एक दुसऱ्यापेक्षा आखूड. एका लहानशा पक्ष्यावरून बहिणीने त्याला ‘गॅरिंचा’ म्हणायला सुरुवात केली. चौदाव्या वर्षी तोही गिरणीत लागला.

पाटसच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला पाऊ ग्रांडे समजावून सांगण्याचे कारण नाही. कारखान्याचे धुराडे पेटले की आठवडे बाजार फुलतो आणि गाळप रखडले की किराणा दुकानाची उधारी वाढते, हा अनुभव भीमा नदीच्या या खोऱ्यात घरोघरी आहे. फरक आहे तो मालकीचा. येथील भीमा सहकारी साखर कारखाना सभासद शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला, पाऊ ग्रांडेची गिरणी भांडवलदारांच्या. पण कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या पोराला कोणती स्वप्ने पडावीत हे कारखानाच ठरवतो, ही गोष्ट दोन्हीकडे खरी.

गिरणीत गॅरिंचा मन लावून काम करीत नसे. एकदा त्याला कामावरून काढूनही टाकण्यात आले आणि पुन्हा घेण्यात आले, कारण गिरणीच्या संघाला त्याच्यावाचून चालेना. त्याच्या श्रमाचे खरे मूल्य मागावर नव्हते, मैदानावर होते. मात्र पगार मिळे तो मागावरच्या पोऱ्याचा. त्याचा पुढचा सारा इतिहास या एका विसंगतीचा विस्तार आहे.

१९५३ साली रिओच्या बोटाफोगो क्लबने त्याला चाचणीसाठी बोलावले. समोर निल्टन सांतोस हा देशातला नावाजलेला बचावपटू उभा करण्यात आला. गॅरिंचाने त्याला असे चकवले की, या पोराला तातडीने करारबद्ध करा, असे त्या बचावपटूनेच क्लबला सांगितले. त्याची युक्ती एकच होती. चेंडू पायाशी ठेवून तो बचावपटूसमोर थबके, शरीर डावीकडे झुकवी आणि उजवीकडून निघून जाई. तो उजवीकडूनच जाणार हे खेळाडूंना, पंचांना आणि लाखभर प्रेक्षकांना ठाऊक असे; तरीही बचावपटू डावीकडे कलंडे. ज्या पायांना वैद्यकशास्त्राने व्यंग ठरवले, त्याच पायांनी हे नवे तंत्र निर्माण केले. गिरणीच्या वसाहतीतल्या खडबडीत जागेवर, अनवाणी, वर्षानुवर्षे केलेल्या मेहनतीचे ते फळ होते. त्याला ‘दैवी देणगी’ म्हणणे सोयीचे असते, कारण देणगीचा मोबदला द्यावा लागत नाही.

१९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकापूर्वी संघाच्या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंची चाचणी घेतली. तीत गॅरिंचा नापास झाला. पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसवण्यात आले. तिसऱ्या सामन्यात, १५ जून रोजी, सोव्हिएत संघाविरुद्ध तो आणि सतरा वर्षांचा पेले मैदानात उतरले आणि पहिल्या काही मिनिटांतच सोव्हिएत बचावफळीची दाणादाण उडाली. अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरवले; ब्राझीलच्या पहिल्या दोन गोलांसाठी चेंडू गॅरिंचानेच उजवीकडून आत दिला होता. १९६२ साली चिलीत तर दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला आणि संघाचा भार गॅरिंचाने वाहिला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, यजमान चिलीविरुद्ध दोन गोल, आणि चेकोस्लोव्हाकियावर ३-१ असा अंतिम विजय. पेले आणि गॅरिंचा एकत्र खेळले असताना ब्राझील कधीही हरला नाही. राष्ट्रीय संघाकडून खेळताना गॅरिंचाच्या वाट्याला एकच पराभव आला. तो १९६६ साली हंगेरीविरुद्ध, जेव्हा त्याचा गुडघा संपला होता.

आता हिशेब पाहू. गॅरिंचा जन्मला त्याच वर्षी, १९३३ साली, रिओ आणि साओ पावलो येथील फुटबॉल व्यावसायिक झाला. परंतु या व्यवसायात कामगाराला मूलभूत स्वातंत्र्यच नव्हते. खेळाडूच्या नोंदणीवर क्लबची मालकी असे. तिला तेथे ‘पासे’ म्हणत. कराराची मुदत संपली तरी क्लबच्या संमतीशिवाय आणि क्लबने ठरवलेली किंमत दुसऱ्या क्लबने मोजल्याशिवाय खेळाडूला जाता येत नसे. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय ऊसतोडणीच्या टोळीतून बाहेर पडता येत नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, मजुराने निदान उचल घेतलेली तरी असते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्या बाजारात श्रम विकणारे अनेक आणि विकत घेणारा एकच, त्या बाजारात वेतन कौशल्यावर ठरत नाही. विकत घेणाऱ्याच्या मर्जीवर ठरते.

त्यात गॅरिंचाने अनेकदा कोऱ्या करारावर सही केली. आकडा मागाहून क्लबने भरायचा. यालाच रसिक ‘भोळेपणा’ म्हणतात. परंतु कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या सावकाराला आपण भोळ्या कुळाचा मित्र म्हणत नाही. जुजबी शिकलेल्या गिरणी कामगाराने सही केली हा दोष, की नामांकित क्लबच्या सुशिक्षित पदाधिकाऱ्यांनी ती करून घेतली हा? पुढे १९६३ साली, जगज्जेता झाल्यावर, त्याने वाढीव वेतन मागितले तेव्हा हेच पदाधिकारी त्याला कृतघ्न म्हणू लागले. भोळा असेपर्यंत तो लाडका होता. हिशेब विचारताच तो लोभी ठरला.

क्लबचा पैसा परदेश दौऱ्यांतून येई आणि गॅरिंचा मैदानात दिसला तरच दौऱ्याचा भाव टिकत असे. म्हणून दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शने टोचून त्याला उभे करण्यात येई. विश्रांती मिळाली असती तर सांधा कदाचित वाचला असता. पण विश्रांतीचा खर्च क्लबच्या खाती पडला असता आणि झिजेचा खर्च गॅरिंचाच्या. १९६४ साली अखेर शस्त्रक्रिया झाली, तोवर उशीर झाला होता. १९६६ मध्ये बोटाफोगोने त्याला साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबला विकून टाकले. शिरूर-दौंडच्या भागात शर्यतीच्या बैलाची निगा मालक पोटच्या पोरासारखी राखतो, कारण बैल रोख मोजून आणलेला असतो आणि दुसरा आणायचा तर पुन्हा पैसे पडतात. गॅरिंचाची जागा घ्यायला मात्र पाऊ ग्रांडेसारख्या शंभर वस्त्यांतली पोरे फाटकाशी फुकट उभी होती.

हे ब्राझीलपुरतेच होते असे नाही. इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज हाही असाच कीर्तिमंत विंगर. त्याच्या देशात खेळाडूच्या आठवड्याच्या वेतनाला कमाल मर्यादा होती आणि अखेरीस ती वीस पौंडांवर होती. मैदाने तुडुंब भरत, मर्यादा मात्र हलत नसे. ती १९६१ च्या जानेवारीत गेली, ती मालकांच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा गेली. ब्राझीलच्या ‘पासे’ला मूठमाती मिळण्यासाठी १९९८ चा कायदा यावा लागला. त्याला पेलेचे नाव आहे आणि ती तरतूद प्रत्यक्षात २००१ साली अमलात आली. गॅरिंचाला जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

येथे एक आक्षेप संभवतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. गॅरिंचा दारू पीत होता, हे खरे आहे. पत्नी नाईर आणि आठ मुली यांना सोडून तो गायिका एल्झा सोआरेस हिच्याबरोबर राहू लागला, हेही खरे. १९६९ साली तो चालवीत असलेल्या मोटारीच्या अपघातात एल्झाची आई मरण पावली. त्याने एल्झावर हात टाकला आणि अखेर ती त्याला सोडून गेली. या कृत्यांचे समर्थन कोणत्याही समाजवादी विचारात बसत नाही. मैदानावर लुटला गेलेला पुरुष घरी येऊन बाईला लुटतो, तेव्हा तो शोषणाची साखळी तोडत नाही, तिची एक कडी होतो. नाईरही गिरणी कामगारच होती. तिच्या श्रमाचा हिशेब तर कोणत्याही क्रीडालेखकाने मांडला नाही. पण म्हणून क्लबचा हिशेब माफ होत नाही. व्यसनी कामगाराचे वेतन बुडवण्याचा अधिकार जगातल्या कोणत्याही न्यायात मालकाला मिळत नाही.

राज्यसंस्थेची वर्तणूक क्लबपेक्षा वेगळी नव्हती. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि १९८५ पर्यंत ती सोडली नाही. १९७० चा विश्वचषक त्या राजवटीने आपल्या जाहिरातीसाठी पुरेपूर वापरला. गॅरिंचासाठी मात्र १९ डिसेंबर १९७३ रोजी माराकानावर निधी उभारण्याकरिता सामना भरवावा लागला. सव्वा लाखाहून अधिक लोक तिकीट काढून आले. ही जनतेची कृतज्ञता होती आणि तिचे मोल मोठे आहे. परंतु ज्याने वीस वर्षे राबून संपत्ती निर्माण केली त्याला उतारवयात वर्गणीवर जगावे लागते, त्या व्यवस्थेविषयी ही कृतज्ञताच आरोपपत्र दाखल करते. हक्क नाकारायचा आणि दानाचा सोहळा करायचा, हा सत्तेचा जुना शिरस्ता आहे. १९८० च्या कार्निव्हलमध्ये त्याला सजवलेल्या रथावर बसवून मिरवण्यात आले. औषधांनी आणि आजाराने बधिर झालेला तो माणूस शून्य नजरेने गर्दीकडे पाहत होता.

मृत्यूनंतरचा अध्याय तर अधिकच बोलका आहे. राजधानी ब्राझिलियातील क्रीडागाराला त्याचे नाव आहे. २०१४ च्या विश्वचषकासाठी ते पाडून पुन्हा बांधण्यात आले आणि जगातील अत्यंत खर्चिक फुटबॉल क्रीडागारांत त्याची गणना झाली. ज्या शहरात पहिल्या श्रेणीचा एकही क्लब नव्हता, तेथे सत्तर हजार प्रेक्षकांची सोय झाली. स्पर्धा संपल्यावर त्याच्या आवारात बसगाड्या उभ्या राहू लागल्या. या बांधकामाच्या फुगवलेल्या खर्चाच्या प्रकरणी २०१७ च्या मे महिन्यात राजधानीच्या दोन माजी राज्यपालांना अटक झाली. त्याच महिन्यात बातमी आली की, गॅरिंचाच्या अस्थी दफनभूमीत नेमक्या कोठे आहेत हे तेथील प्रशासनाला खात्रीने सांगता येत नाही. नाव जपले गेले, कारण नावावर कंत्राटे निघतात. अस्थींवर काही निघत नाही.

मग यावर उपाय नव्हताच का? होता, आणि तो ब्राझीलच्याच मातीत उगवला. ज्या कोरिंथियन्सने मोडक्या गुडघ्याचा गॅरिंचा विकत घेतला होता, त्याच क्लबात तो मरण्याच्या सुमारास एक अपूर्व प्रयोग चालू होता. सॉक्रेटिस, व्लादिमीर, कासाग्रांदे आदी खेळाडूंनी क्लबचा कारभार मतदानावर चालवला. सराव किती, सामन्याआधी मुक्काम कोठे, नवा खेळाडू घ्यावा की नाही, या प्रश्नांवर कर्णधारालाही एक मत आणि कपडे धुणाऱ्या कामगारालाही एक मत. १९८२ च्या नोव्हेंबरात निवडणुका होत्या, तेव्हा ‘१५ तारखेला मतदान करा’ हे आवाहन पाठीवर छापून हा संघ लष्करी राजवटीत मैदानात उतरला. शिस्त बिघडेल, संघ बुडेल, असे भाकीत करणारे पुष्कळ होते. १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे कोरिंथियन्सने साओ पावलो राज्याचे अजिंक्यपद मिळवले. सॉक्रेटिस वैद्यकशास्त्राचा पदवीधर होता, हे खरे. पण व्लादिमीर किंवा धोबीकाम करणारा कामगार पदवीधर नव्हता. त्यांच्या बाजूला जे होते आणि गॅरिंचाच्या बाजूला जे नव्हते, ते म्हणजे संघटन.

हा धडा महाराष्ट्राला लागू नाही असे कोणी समजू नये. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते गेले ते लोकवर्गणीवर. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. पोलीस खात्यात आयुष्य घालवूनही त्यांना निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने.

फुटबॉलमध्ये एके काळी मुंबईच्या टाटा, मफतलाल, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ होते. खेळाडूला तेथे निदान नोकरीचा आधार असे. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, तो संघ हरत होता म्हणून नव्हे; कंपनीने तसे ठरवले म्हणून. पुण्यात ‘भारत एफसी’ २०१५ चा एकच हंगाम टिकला. ‘एफसी पुणे सिटी’ २०१९ साली मिटला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार केला होता. त्याच्या नूतनीकरणाचा तिढा सुटेना म्हणून २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगाम रोखून धरला गेला आणि पुढच्याच महिन्यात काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन स्थगित केले. भांडण दोन मालकांचे, उपासमार तिसऱ्याची. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगाराला हे चित्र ओळखीचे वाटेल.

लिलावात लाखो रुपये घेणाऱ्या खेळाडूंसाठी चळवळीने का झिजावे, असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न लाखो घेणाऱ्या दहा-वीस जणांचा नाही. पाटसपासून दौंडपर्यंत, शिरूरपासून बारामतीपर्यंत कबड्डीचे सामने आणि कुस्त्यांचे फड भरतात. बक्षिसाच्या रकमेबरोबर पुढाऱ्याचे छायाचित्र फलकावर झळकते. मुलाच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला की त्याला रुग्णालयात घेऊन जातो तो त्याचा चुलता, आणि शस्त्रक्रियेसाठी विकली जाते ती घरची म्हैस. यंत्रावर हात गमावलेल्या कामगाराला भरपाई मिळावी हे तत्त्व या देशाच्या कायद्यात १९२३ साली आले. शंभर वर्षे उलटली तरी मैदानावर पाय गमावलेल्याला ते लागू करावे असे कोणत्याही सरकारला वाटलेले नाही. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही प्रामुख्याने क्रीडा संघटनांच्या कारभाराविषयी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. तिकीट, प्रायोजक किंवा प्रक्षेपण यांतून पैसा मिळवणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत खेळाडूशी लेखी करार व्हावा, तो त्याला समजेल अशा भाषेत असावा आणि त्याची प्रत त्याच्या हाती पडावी. प्रत्येक स्पर्धेच्या उत्पन्नातून खेळाडूंचा अपघात विमा प्रथम उतरवला जावा, बक्षिसे आणि फलक त्यानंतर. संघ बंद करणाऱ्या मालकाने कारखाना बंद करणाऱ्या मालकाप्रमाणे देणी चुकवावीत. आणि खेळाडूंच्या संघटनेला वाटाघाटीचा हक्क मिळावा. या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीही नाही. कामगारवर्गाने त्या गिरण्यांत आणि कारखान्यांत शतकापूर्वीच मांडल्या होत्या.

तालुक्याच्या सामन्यांना पाहुणे म्हणून बोलावणे आले, तर कार्यकर्त्यांनी हार स्वीकारण्यापूर्वी संयोजकांना एवढेच विचारावे: मुलांचा विमा उतरवला आहे काय? उत्तर नकारार्थी आले तर कामाला तेथूनच सुरुवात करावी.